नदीचा बर्फ फुटला तो दिवस

आमच्या गावातली नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि सगळी गोम तिथंच आहे. वसंत आला की आधी दक्षिणेकडचा बर्फ वितळतो. तिकडचं पाणी जोरात खाली येतं, तेव्हा आमच्याकडची नदी अजून मीटरभर जाडीच्या बर्फाखाली असते. खालून पाण्याचा रेटा वाढत जातो आणि एके दिवशी वरचा थर फुटतो. त्याचे तुकडे वाहू लागतात आणि गावाच्या पुढं नदीत दोन बेटं आहेत तिथं जाऊन अडकतात. ते अडकले की मागचं पाणी चढायला लागतं. किती चढेल ते कुणालाच सांगता येत नाही. काही वर्षी बर्फ जागच्या जागी कुजतो आणि कुणाला न कळता निघून जातो. काही वर्षी तो गावात शिरतो.

गावाचं नाव मी लिहीत नाही. वस्ती इतकी लहान आहे की नाव लिहिलं तर माणसंही ओळखू येतील.

मी मूळची कराडची. पूर मला नवीन नव्हता. पण आमच्याकडं पूर येतो तो पावसाबरोबर; आठ दिवस आभाळ गळत असतं, माणसाचं मन तयार झालेलं असतं. इथं लख्ख ऊन असतं. लोक टी-शर्ट घालून अंगणात झाडलोट करत असतात, आणि पलीकडं नदी करकरत असते.

लग्नानंतर कॅनडात आले तेव्हा आम्ही ओकव्हिलला होतो. तिथल्या एका औषधाच्या दुकानात असिस्टंट म्हणून उभी राहून मी एकेक परीक्षा देत फार्मासिस्टचं लायसन्स मिळवलं. नवरा इंजिनिअर. त्याला उत्तरेतल्या एका खाणीत नोकरी लागली, दोन आठवडे कॅम्पवर आणि दोन आठवडे घरी अशी. उत्तरेत फार्मासिस्ट मिळत नाहीत, त्यामुळं मलाही लगेच काम मिळालं. गावात औषधाचं दुकान एकच, आणि त्यात फार्मासिस्ट दोघेच: मालक आणि मी. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती.

आम्ही राहायचो खालच्या गावात. नदी आणि टेकडी यांच्यामधल्या सपाट पट्टीवर ती वस्ती आहे. पट्टीच्या एका टोकाला टेकडीचा चढ, चढाच्या पायथ्याशी आमचं दुकान आणि वर शाळा. दुसऱ्या टोकाला एक ओढा नदीला मिळतो. त्यावरच्या छोट्या पुलावरून रस्ता विमानतळाकडं जातो. आमचं भाड्याचं घर या ओढ्याच्या टोकाला होतं. दोन्ही टोकांना जोडणारा एकच रस्ता, आणि तो नदीच्या काठाकाठानं जातो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

त्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाई आल्या. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. वर्गात बोलतात तशी स्वच्छ भाषा, पण चिडल्या किंवा घाबरल्या की त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची. आमचं वाईट नव्हतं, पण फार गोडही नव्हतं. मी कामावरून दमून यायचे, त्या दिवसभर एकट्या असायच्या, आणि मी आत पाऊल टाकलं की प्रश्न सुरू व्हायचे. आज किती लोक आले? मालक सुट्टीवर काहून गेला? तुले जास्तीचे पैसे देते का तो? मी अर्धी उत्तरं जिन्यात द्यायचे आणि अर्धी द्यायचेच नाही.

एप्रिल अर्धा झाला आणि गावाचं वागणं बदललं. ग्रोसरीच्या रांगेत, पोस्टात, जिथं तिथं एकच विषय. बर्फ करडा झालाय. काठाला पाणी सुटलंय. हेलिकॉप्टर रोज नदीवरून दक्षिणेकडं जाऊन बर्फ कुठवर तुटलाय ते बघून येत होतं. आमच्या शेजारी सत्तरीच्या एक आजी एकट्या राहायच्या. जन्म त्याच गावातला, पूर्वी एकदा घरात छातीएवढं पाणी पाहिलेल्या. त्यांनी बेसमेंट रिकामं केलं, फोटोंचे खोके वरच्या मजल्यावर नेले आणि गाडीची टाकी भरून तिचं तोंड रस्त्याकडं करून ठेवलं. मलाही तसंच करायला लावलं. ''बॅग दाराशी ठेव,'' त्या म्हणाल्या, ''पासपोर्ट, औषधं, मुलीचे कपडे. आणि मग रोज तिच्याकडं बघत बस. दुसरं काही करता येत नाही.''

मी खरंच रोज त्या बॅगकडं बघत बसायचे. कामावर असताना दर तासाला फोनवर नदीचे फोटो बघायचे. नवरा कॅम्पवरून म्हणायचा, ''इतकी वर्षं लोक राहतात ना तिथं? तू उगाच टेन्शन घेतेस.'' त्याची पाळी संपायला अजून पाच दिवस होते. मालक दोन आठवड्यांसाठी दक्षिणेत मुलाकडं गेले होते. म्हणजे गावात फार्मासिस्ट मी एकटी, आणि घरातलं सगळं बघणारीही मी एकटीच.

त्या दिवशी सकाळी फोनवर सूचना आली: खालच्या गावातल्या लोकांनी निघण्याच्या तयारीत राहावं. निघा असं नव्हतं, तयारीत राहा एवढंच. शाळा बंद होती. मी दुकानात जायला बूट घालत होते तेव्हा सासूबाई जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या.

''आज जाऊ नको.''

''आई, आज तर जायलाच हवं. लोक औषधं घ्यायला येतील. गाव सोडावं लागलं तर इन्सुलिनशिवाय कसे जातील?''

''अन् आमचं काय?''

''मी तासाभरात येते. सगळं आवरून येते. मग आपण एकत्रच वर जाऊ.''

 मुलगी खिडकीत उभी होती. ''मम्मा, द रिव्हर इज मेकिंग अ नॉइज,'' ती म्हणाली. मी ऐकलं. लांबून कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत असावं असा तो आवाज होता.

दुकानासमोर आठ वाजताच रांग होती. काउंटरवर माझ्याबरोबर काम करणारी एक बाई आहे, गावातलीच, फार कमी बोलणारी. आम्ही दोघींनी कामाला हात घातला. कुणाला वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या महिनाभराच्या हव्या होत्या, कुणाला मुलाचा दम्याचा पंप. व्यसन सोडवण्यासाठी ज्यांना रोज माझ्यासमोर औषध घ्यावं लागतं असे काहीजण होते. उद्या मी कुठं असेन हे मला त्यांना सांगता येत नव्हतं. तास झाला, दोन झाले. रांग तेवढीच. मधूनच नदीकडून बंदुकीच्या बारासारखा आवाज यायचा आणि सगळी रांग एका क्षणी मान वळवून दाराकडं बघायची. मी घड्याळाकडं बघायचे आणि पुढचा कागद उचलायचे. मनात म्हणायचे, एवढी चारच माणसं झाली की निघते.

बाराला सगळ्यांचे फोन एकदम वाजले. खालचं गाव रिकामं करा. आत्ता.

मी शेजारच्या आजींना फोन लावला. माझ्या सासूबाईंना आणि मुलीला घेऊन शाळेत जाल का, मी दुकान बंद करून थेट वरच येते. ''अर्थात,'' त्या म्हणाल्या. ''तू तुझं काम कर.'' मग मी घरी फोन केला. सासूबाईंचा फोन घरच्या वायफायवरच चालायचा.

''आई, शेजारच्या आजी न्यायला येतायत. बॅग घ्या, तिला घेऊन गाडीत बसा.''

''अन् तू?''

''मी इथूनच वर येते.''

''कधी? तू तं तासाभरात येणार होती. घरी येऊन आम्हाले घेऊन जाणार होती न? मी असं कोणाच्या गाडीत...''

आणि मी ओरडले. भर दुकानात, रांगेसमोर, मराठीत. ''आई, प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारत बसू नका! प्लीज! सांगितलंय तेवढं करा!''

मी फोन ठेवला. रांगेतल्या लोकांना शब्द कळले नसतील, पण सूर कळलाच असणार. सगळे खाली बघत होते.

त्यानंतर तासभर मी इन्सुलिन आणि फ्रिजमधली इतर औषधं कूलरमध्ये भरली, रोज लागणाऱ्या गोळ्यांचे डबे खोक्यांत घातले. वीज गेली. एक अग्निशमनवाला दार ढकलून आत आला आणि म्हणाला, ''पाच मिनिटं. त्यानंतर मी तुम्हाला उचलून नेईन.'' आम्ही दोघींनी सगळं माझ्या गाडीत कोंबलं.

दुकानाच्या दारातून नदी दिसते. इतके दिवस ती एक पांढरं पटांगण होती. आता ते पटांगण चालत होतं. सगळंच एकदम सरकत होतं. झाडं, मासेमारीची एक पडकी टपरी, बर्फावर कुणीतरी विसरलेली खुर्ची, सगळं एका संथ वेगात उत्तरेकडं. मग ते थांबलं. पूर्ण थांबलं. आवाजही बंद झाला. माझ्याबरोबरची बाई पहिल्यांदाच घाबरलेल्या आवाजात बोलली. ''अडकला,'' ती म्हणाली. ''चल, चल, चल.''

गाडी चढावर घेतली तेव्हा आरशात मला काठ दिसला. पाणी रस्त्यावर येत होतं, आणि त्याच्याबरोबर ट्रकएवढे बर्फाचे तुकडे काठावर चढत होते, एकावर एक, अगदी सावकाश.

शाळेच्या जिममध्ये खाटा मांडल्या होत्या. दाराशी टेबलावर एक मुलगी नावं लिहून घेत होती. मी माझं नाव सांगितलं आणि विचारलं, माझ्या घरचे कुठं बसलेत? तिनं यादी वाचली. परत वाचली. मग म्हणाली, ''ते अजून आलेले नाहीत.''

दीड वाजायला आला होता. घरापासून शाळेपर्यंत गाडीनं सात मिनिटं लागतात.

मी आजींना फोन लावला. वाजत राहिला. घरच्या वायफायवर सासूबाईंना लावला. वीज गेली म्हणजे वायफायही गेलं हे कळत असूनही लावला. जिममधल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन आले. वॉशरूममध्ये जाऊन आले. बाहेर पार्किंगमध्ये आजींची निळी गाडी शोधली. दोन पोलीस उभे होते, त्यांना विचारलं. त्यातल्या एकानं सांगितलं की काठाचा रस्ता बंद झालाय, मध्येच बर्फ आलाय.

''त्या रस्त्यावर गाड्या होत्या?'' मी विचारलं.

''आमच्या माहितीप्रमाणं सगळे बाहेर पडलेत.''

''माहितीप्रमाणं म्हणजे?''

''मॅम, काही लोकांना पुलावरून विमानतळाकडं वळवलंय. तिथं तुमचे असतील. पण तिकडची यादी अजून आमच्याकडं नाही. फोन लागत नाहीयेत.''

मी खाली जाते म्हणाले. तो म्हणाला, नाही. मी परत म्हणाले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला आत नेऊन बसवलं.

मग लोक माझ्याकडं यायला लागले. औषधवाली बाई आली हे कळलं होतं. एका म्हाताऱ्याची साखर वाढलेली, एका बाईच्या गोळ्या घरीच राहिलेल्या. कूलर उघडण्याशिवाय इलाज नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला हाताला काहीतरी हवंच होतं. पण डोकं तिथं नव्हतं. डोळ्यांसमोर निळी गाडी, आणि तिच्यासमोर तो सावकाश चढणारा बर्फ. त्या म्हाताऱ्याला मी इन्सुलिनचं पेन दिलं. माझ्याबरोबरच्या बाईनं ते त्याच्या हातातून हळूच परत घेतलं आणि मला दाखवलं. जेवणाआधीचं इन्सुलिन होतं. त्याला दिवसभर पुरणारं हवं होतं. दोन्ही पेनं दिसायला जवळजवळ सारखी. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिनं दुसरं पेन काढून दिलं, आणि त्यानंतर मी दिलेली प्रत्येक वस्तू ती आधी बघायची, मग पुढं सरकवायची. 

तीनच्या सुमाराला नवऱ्याचा फोन लागला. कॅम्पवर बातमी पोचली होती. मी सांगितलं, आई आणि ती सापडत नाहीयेत.

''सापडत नाहीयेत म्हणजे? तू कुठं होतीस?''

''दुकानात.''

''तू त्यांना एकटं सोडून दुकानात गेलीस?''

  तेवढ्यात लाईन तुटली.

साडेचारला परत फोन वाजला. नंबर भारतातला. माझी जाऊ, अमरावतीहून. तिथं पहाटेचे चार वाजले असणार.

''अगं, तू बरी आहेस न? कुठं आहेस तू?'' ती रडत होती. ''आईंचा फोन आला होता. कोण्या पंजाबी माणसाच्या फोनवरून. विमानतळावर आहेत म्हणे. पोरगी सोबत आहे. म्हणाल्या, सूनबाईचा नंबर मले पाठ नाही, तुमचाच तेवढा पाठ आहे, आता तुम्ही तिले शोधा.''

मी जिमच्या फरशीवर बसले. 

जावेनं त्या पंजाबी माणसाचा नंबर दिला. तो विमानतळावर टॅक्सी चालवायचा. मी फोन केला तर म्हणाला, ''बहनजी, फिकर मत करो, माताजी मेरे सामने बैठी हैं,'' आणि फोन त्यांच्याकडं दिला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंचा आवाज आला.

''उंचावर आहेस का तू?''

''हो आई.''

''नक्की? पाणी येत नाही न तिथं?''

''नाही येत. शाळा टेकडीवर आहे.''

''खिडकीतून पाहून सांग.''

मी उठले, खिडकीशी गेले, पाहिलं आणि सांगितलं. मग त्यांनी फोन मुलीला दिला. ती म्हणाली, ''मम्मा, द आइस केम ऑन द रोड. लाइक, राइट इन फ्रंट ऑफ अस. अँड आजी वॉज स्केअर्ड सो आय हेल्ड हर हँड.'' मग तिनं विमानतळावर कुणी डोनट दिला ते सविस्तर सांगितलं.

मध्ये पाणी होतं, त्यामुळं दोन दिवस आम्ही भेटू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बेटांपाशी अडकलेला बर्फ सुटला. टेकडीवरून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अर्ध्या तासात पाणी उतरलं आणि खालच्या गावात घरांच्या मधोमध बर्फाचे ढीग तेवढे राहिले. लोडर लावून रस्ता मोकळा करायला आणखी एक दिवस गेला. मी पहिल्या गाड्यांमधून पलीकडं गेले.

विमानतळाच्या एका हँगरमध्ये ते सगळे होते. मुलगी धावत आली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर कुणाचं तरी मोठं जॅकेट, शेजारी आमच्या शेजारच्या आजी. आजींनी सासूबाईंचा हात धरला होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती; दोन दिवस मुलगीच मधे बसून, तिला वाटेल तेवढं, इकडचं तिकडं करत होती. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ''कपडे तेच आहेत तुझे.'' एवढंच.

काय झालं होतं ते मला आजींनी बाहेर नेऊन सांगितलं. माझा फोन झाल्यावर दहा मिनिटांत त्या आमच्या दाराशी गेल्या. मुलगी तयार होती. सासूबाई मात्र दारात उभ्या. बॅग हातात, पायात बूट, आणि मान नकारार्थी. मुलीनं आजींना सांगितलं, ''शी सेज मम्मा विल कम. मम्मा सेड वन अवर.'' आजी समजावत राहिल्या. ओढायला त्यांना धीर होईना. चाळीस मिनिटं अशीच गेली. मग नदीचा आवाज एकदम बंद झाला. आजींना त्याचा अर्थ माहीत होता. त्यांनी सासूबाईंच्या हातातली बॅग घेतली, गाडीत टाकली, मुलीला उचलून मागं बसवलं आणि सासूबाईंचं मनगट धरून त्यांना अक्षरशः खेचत नेलं. त्या गडबडीत आजींचा फोन आमच्या स्वयंपाकघरात राहिला. काठाच्या रस्त्यावर थोडं पुढं गेल्यावर समोरच बर्फ रस्त्यावर चढला. एक पोलीस धावत आला आणि त्यानं गाडी मागं वळवायला सांगितली. त्यांनी पूल ओलांडला तेव्हा पाणी पुलाच्या तळाला लागलं होतं.

''तिच्यावर चिडू नकोस,'' आजी म्हणाल्या.

चिडण्याचा प्रश्नच नव्हता. तासाभरात येते असं मी म्हणाले होते. बूट घालता घालता, सुटका करून घ्यायला, आपण रोज म्हणतो तसं. आणि त्यांनी तो शब्द धरून ठेवला होता.

घराचं बेसमेंट जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत चिखलानं भरलं होतं. अंगणात बर्फाचा एक तुकडा माझ्या गाडीपेक्षा उंच. तो जूनपर्यंत राहिला. दुकानात घोटाभर पाणी आलं होतं. नवरा तिसऱ्या दिवशी पोचला. आधी आईला भेटला, मग मला, आणि मग बेसमेंटच्या दाराशी बसून म्हणाला, ''मी फोनवर जे बोललो ते...'' मी म्हटलं, ''फावडं घे.'' आम्ही चार दिवस चिखल काढला. सासूबाई वरून बादल्या मोजायच्या आणि आकडा ओरडून सांगायच्या.

शेजारच्या आजींनी त्या उन्हाळ्यात घर विकायला काढलं. कुणी घेतलं नाही. त्या ग्वेल्फला मुलीकडं गेल्या. आम्ही टेकडीवर एक जागा भाड्यानं घेतली. नवरा सस्काटूनला बदली मागत होता. अजूनही मागतो आहे. दुकानाच्या मालकांशी मी स्पष्ट बोलले आणि आता तयारीत राहण्याची सूचना आली की लगेच औषधांची खोकी शाळेत जातात. पुढच्या वर्षी बर्फ मुकाट्यानं गेला. मी काउंटरवर होते, कुणीतरी आत येऊन म्हणालं, ''गेला.'' त्या क्षणापर्यंत तीन आठवडे मला नीट जेवण गेलं नव्हतं, आणि आता दर वर्षी तसंच होणार हे मला माहीत आहे. गाव सोडावं की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही.

सासूबाई त्या जुलैतच परत गेल्या. त्यांना विमानात बसवायला आम्ही दोघीच एडमंटनला गेलो. विमानतळावर व्हीलचेअर येईपर्यंत अर्धा तास होता. इतके दिवस मनात होतं ते मी तिथं बोलले.

''आई, त्या दिवशी मी फोनवर तुमच्यावर ओरडले. सगळ्या लोकांसमोर. मला माफ करा.''

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला.

''तू एकदाच ओरडली,'' त्या म्हणाल्या. ''मी दारात चाळीस मिनिटं उभी राहून तुले शिव्या दिल्या. तुझ्या माहेराले पण दिल्या. पोरगी होती म्हणून मनातल्या मनात. फिट्टंफाट.''

''काय काय म्हणालात?''

''ते काहून सांगू?''

मी हसले. त्या हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ''शिव्या देत होते तोवर ठीक होतं,'' त्या म्हणाल्या. ''मग मले वाटलं, हिले काही झालं असंन तं? मंग शिव्या पण सुचेनात.''

तेवढ्यात व्हीलचेअर घेऊन मुलगा आला. त्यांनी त्याला हिंदीत विचारलं, तू कुठला, इथं केव्हापासून आहेस, घरी कोण कोण असतं. तो नाशिकचा निघाला, कॉलेजात शिकत होता. मग त्यांचं बोलणं मराठीत सुरू झालं आणि सिक्युरिटीच्या रांगेपर्यंत चालू राहिलं. मी काचेपलीकडून बघत होते. त्याला उत्तरं द्यायला वेळच मिळत नव्हता.